शुक्रवारी सुट्टी, रविवारी शाळा

सीना नदी ओलांडून मी अलीकडं आले, तेव्हा आपण परदेशात चाललोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नदीला पाणी ते केवढं, माझ्या गुडघ्याएवढं. पलीकडं आमचं गाव, मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. अलीकडं आत्याचं गाव, नगर जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातलं. दोन्हीकडं त्याच बाभळी, तीच ज्वारी, तीच तापलेली माती. पण मधे जकातीचा नाका होता आणि नाक्यावर एक मिशाळ शिपाई होता. त्यानं माझं गाठोडं सोडलं. आत दोन परकर-पोलकी, उर्दू लिहायची एक लाकडी तख्ती आणि आईनं आत्यासाठी दिलेले शेंगदाण्याचे लाडू. त्यानं एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, जरा विचारात पडल्यासारखं केलं, तिसरा खिशात टाकला आणि म्हणाला, "जाव." आता माझा मुलगा परदेशातून येतो आणि विमानतळावर त्याच्या पेट्या कशा उघडल्या ते तावातावानं सांगतो, तेव्हा मी त्याला एवढंच विचारते, की बाबा, लाडू किती गेले?

मला सोडायला अण्णा आले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या शाळेत मास्तर. घरात आम्ही सगळे मराठी बोलणारे, जातीचे शिंपी, पण तिकडची शाळा सगळी उर्दूत, त्यामुळं अण्णा उर्दू शिकवायचे आणि मीही त्यांच्याच शाळेत मुलांच्या मागं बसून उर्दूत तीन इयत्ता शिकले होते. पुढं मुलींना शाळा नव्हती. आईचं म्हणणं, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता हिच्यासाठी कुठं बघायला सुरुवात करू. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते, आणि "बघायला" म्हणजे काय बघायला, ते मला चांगलं कळत होतं. अण्णांनी मधला मार्ग काढला. आत्याच्या गावात मुलींना सातवीपर्यंत शिकता येत होतं. आत्याच्या ओसरीवर पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "गोदे, दसऱ्याला सोनं द्यायला येईन. चौथीत बसलेली दिसलीस तर राहा. नाहीतर गाठोडं बांधायचं आणि माझ्याबरोबर परत." परत म्हणजे चूल, भाकरी आणि ते "बघणं". मी मान हलवली. चौथी म्हणजे काय मोठी गोष्ट, तिसरीत तर मी पहिली आले होते.

आत्याच्या घरात दिवस उजाडायचा तो शिवणाच्या मशीनच्या आवाजानं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, ओसरीवर मशीन घेऊन बसायचे आणि त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यामुळं ते बोलत नसत, फक्त "हूं" करायचे. त्या "हूं"चे अर्थ फक्त आत्याला कळायचे, आणि तिला जे हवे असतील तेच कळायचे. भिंतीपलीकडं रहमानचाचांचं घर. ते मणेर, बांगड्यांचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, त्यामुळं इकडून मशीनची खडखड आणि तिकडून बांगड्यांची किणकिण असा दिवसभर कारखाना चालायचा. दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. त्यातून वाट्या जायच्या, वाट्या यायच्या, विस्तव जायचा, भांडणंही जायची.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तिची भाकरी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. आत्या हुलग्याचे शेंगोळे मात्र असे करायची की मी ताट चाटायची. तरी पहिल्या आठवड्यात मी मागितली ती खट्टी दाळ. आमच्याकडं रोज चिंचेची आंबट दाळ लागायची. आत्यानं कमरेवर हात ठेवला. "आंबट वरान? अगं भवाने, तुला डोहाळं लागलं का काय?" आतोबांनी "हूं" केलं आणि त्यांच्या तोंडातल्या दोन टाचण्या पडल्या. पण संध्याकाळी कोनाड्यातून चाचींनी वाटी सरकवली, खट्ट्या दाळीची. मी जीव टाकून ओरपली. दाळीत मीठ नव्हतं. चाचींच्या दाळीत कधीच मीठ नसायचं, पण ते सांगायचं धाडस त्या घरात कुणाला नव्हतं.

आता शाळा. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागं एक लांबच लांब खोली, खाली तरट आणि समोर खामकर गुरुजी. धोतर, पागोटं आणि हातात तपकिरीची डबी. त्यांनी माझ्यापुढं पाटी ठेवली आणि म्हणाले, "नाव लिही." मी लिहिलं. छान लिहिलं, वळणदार, उजवीकडून डावीकडं. गुरुजींनी पाटी आडवी धरून बघितली, उभी धरून बघितली. "अगं, हे मला वाचता येत न्हाई. बाळबोध लिही." बाळबोध अक्षरं मला देवळावरच्या पाट्या वाचण्याइतकी ओळखू यायची, हातातून मात्र एकही उतरत नव्हतं. झालं. तिसरीत पहिली आलेली मी, पहिलीत नेऊन बसवली गेले. माझ्या एका बाजूला शेंबूड ओढणारा एक बाळ्या, दुसऱ्या बाजूला झोपेत लवंडणारी एक चिमी, आणि मधे मी, ताडमाड. चिमी तर मला "मावशी" म्हणायला लागली.

पहिल्या आठवड्यात शुक्रवार आला. शुक्रवारी शाळेला सुट्टी असते, हे मला जन्मापासून माहीत. मी आत्याला म्हटलं, "आज सुट्टी, न्हायला घाल." तिला वाटलं, असेल काहीतरी. तिनं चांगली चोळून शिकेकाई लावली. मी केस पाठीवर सोडून उन्हात बसले होते, तोच दारात मुलींची फौज. त्या काळी शाळा चुकवणाऱ्याला गुरुजी पोरं पाठवून उचलून आणवायचे; मी मुलगी म्हणून मुली पाठवल्या होत्या. दोघींनी हात धरले, दोघींनी पाय. मी ओरडतेय, "अगं जुम्मा आहे, जुम्मा!" आणि त्या मला झुलवत गावातून चालल्यात, ओल्या केसांचं पाणी धुळीत टपटपतंय आणि कट्ट्यावरची माणसं हसून लोळतायत. माझा डावा पाय जिनं धरला होता, ती सगळ्यांत जोरात हसत होती. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत. शाळेत पोचल्यावर गुरुजी गरजले, "ही काय मोगलाई हाय काय, मनाला येईल तवा यायला?" गुरुजींचं हे नेहमीचं वाक्य, कुठंही गोंधळ दिसला की ते हेच म्हणायचे. पण त्या दिवसापासून ते वाक्य आलं की सगळी शाळा माझ्याकडं बघायची.

रविवारी मी कुणालाही बोट दाखवायला जागा ठेवायची नाही असं ठरवलं. भल्या सकाळी वेणीफणी करून, पाटी पोटाशी धरून शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. कुणी येईना. मला वाटलं, वा, आज सगळ्यांच्या आधी. ऊन वर आलं. शेवटी आली ती शेळी, आणि शेळीच्या मागं तीच, डाव्या पायाची मालकीण.

"काय गं, हितं का बसलीस?"

"शाळेला."

"आज ऐतवार हाय."

"मग?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग शेळीची दोरी सोडून मटकन खाली बसली आणि पोट धरून हसली. "ऐतवारी सुट्टी असती गं येडे! शुक्रवारी शाळा, ऐतवारी सुट्टी!" मला इतका राग आला की मी रडले. तेवढ्यात शेळीनं माझ्या वेणीतला झेंडू खाल्ला, आणि मग मलाही हसू आलं. ही मुमताज, रहमानचाचांची मुलगी. इतके दिवस भिंतीला भिंत लागून राहत होतो, पण कोनाड्यातून नुसता हात दिसायचा. ती चौथीत होती, तिचं अक्षर शाळेत एक नंबर, आणि तिलाही एक दुखणं होतं. ते तिनं मला तिथंच पायरीवर सांगितलं.

तिचे एक मोठे चुलते लहानपणापासून औरंगाबादलाच वाढलेले, तिथंच निजामाच्या कचेरीत होते. त्यांना सगळे भाईजान म्हणायचे. मागच्या ईदला येऊन ते चाचांना बोलून गेले होते, की तुझी मुलगी मराठी शाळेत शिकून पार इकडची झाली, तिला उर्दूचा अलीफ येत नाही. पुढच्या ईदला येईन तेव्हा लिहून दाखवू दे, नाहीतर मी तिला औरंगाबादला घेऊन जातो. चाचांनी घाबरून नगरहून उर्दूचं पहिलं पुस्तक आणलं, तख्ती आणली, बोरू आणला आणि हुकूम सोडला, रोज एक तख्ती लिहून मला दाखवायची. गंमत अशी की चाचांना स्वतःला उर्दू वाचता येत नव्हतं. तेही खामकर गुरुजींच्या आधीच्या मास्तरांकडं दुसरीपर्यंत मराठीच शिकलेले.

मी मुमताजकडं बघितलं. मुमताजनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघी फार हुशार होतो, हे मला आजही मान्य करावं लागतं.

त्या दिवसापासून कोनाड्यातून वाट्यांबरोबर पाट्या जायला लागल्या. गुरुजींनी घरून लिहून आणायला दिलेला कित्ता मुमताज माझ्या पाटीवर उतरवायची. आधी वर मधोमध श्री, मग खाली ओळीनं ज्वारीच्या दाण्यांसारखी टपोरी अक्षरं. आणि मी तिची तख्ती लिहायची. तख्ती मुलतानी मातीनं सारवायची, वाळवायची, दिव्याच्या काजळीच्या शाईत बोरू बुडवायचा आणि वर उजव्या कोपऱ्यात ७८६ हे उर्दू आकडे काढून सुरुवात करायची. ते बिस्मिल्लाचे आकडे. आमच्या तिकडच्या शाळेत हिंदू असो, मुसलमान असो, प्रत्येक पोराची तख्ती तिथूनच सुरू व्हायची; इकडं प्रत्येकाची पाटी श्रीपासून सुरू व्हायची, तसंच. मला त्यात वेगळं काही वाटायचं नाही आणि मुमताजला श्रीमध्ये.

चाचा तख्ती हातभर लांब धरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "वा! क्या मोती पिरोए!" पहिले काही दिवस मी पुस्तकातलंच लिहिलं. मग माझ्या लक्षात आलं की हे वाचणारं या गावात माझ्याशिवाय कुणी नाही. मशिदीत मुल्लाजी होते, पण ते कुराण पढवायचे, तख्त्या बघायला त्यांना वेळ नव्हता. असं रान मोकळं मिळाल्यावर कोण गप्प बसेल? मी लिहिलं, "मुमताज की बकरी शैतान की खाला है." मी लिहिलं, "खामकर गुरुजी छींकते हैं तो छप्पर हिलता है." आणि एक दिवस, वाटीभर दाळ पिऊन झाल्यावर, फार मनापासून आणि फार सुंदर अक्षरात लिहिलं, "चाची की दाल में आज भी नमक नहीं." ती तख्ती चाचांना इतकी आवडली की त्यांनी ती दुकानात नेऊन टांगली, बरोबर मधोमध, दुकानाच्या फळीवर ७८६ रंगवलं होतं त्याच्या खाली. बांगड्या भरायला येणाऱ्या बाया तिच्याकडं आदरानं बघायच्या. वेशीजवळची एक म्हातारी तर रोज जाता-येता तिला हात जोडायची. मी मुमताजला अर्थ सांगितला तेव्हा ती हसून हसून कोनाड्यात अडकली.

असे दिवस मजेत चालले होते. माझी पाटी बघून गुरुजी खूश, मला पहिलीतून दुसरीत सरकवलं, चिमी रडली. चाचा खूश. आणि मग ईद आली. त्या वर्षी ईद आणि दसरा पाठोपाठ होते, मधे आठवडाभराचं अंतर. भाईजान आले ते शेरवानी, रुमी टोपी आणि अत्तराचा घमघमाट घेऊन. मी आत्याकडून शेवयांचं भांडं परत द्यायच्या निमित्तानं दारात उभी होते. भाईजान दुकानाच्या खोलीत बसले, पाणी प्याले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी चष्मा लावला. मी मुमताजकडं बघितलं. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"चाची की दाल में," भाईजान मोठ्यानं वाचायला लागले, "आज भी... नमक नहीं?"

आत पडद्यामागं डाव खाली पडला. "कौन बोला? कौन बोला गे ये?" चाचींचा आवाज. चाचा एकदा तख्तीकडं, एकदा पडद्याकडं, एकदा भावाकडं बघतायत. इतके दिवस गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवलेली तख्ती! मला वाटलं, आता धरणी फाटली तर बरं. भाईजान मात्र शांत होते आणि तेच जास्त भीतीचं होतं. त्यांनी कोरी तख्ती मागवली, मुमताजला समोर बसवलं आणि म्हणाले, "बेटी, अपना नाम लिख."

मुमताजनं बोरू उचलला. शाईत बुडवला आणि घाबरलेल्या माणसाचा हात जिकडं जातो तिकडंच तिचा गेला. तिनं तख्तीवर मधोमध, सुरेख, टपोरा श्री काढला.

भाईजानांना मराठी अक्षर येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ये क्या है?" मुमताजनं खाली घातलेली मान वर केली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळून तख्तीवरची माती भिजत होती. औरंगाबाद तिला समोर दिसत असणार, आणि मला तिच्याशिवायची पायरी. मी शेवयांचं भांडं छातीशी घट्ट धरून चाचांकडं बघत होते. चाचा पुढं झाले, वाकून बघितलं. त्यांना ते वाचता येत होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ये इधर का बिस्मिल्ला है, भाईजान," ते म्हणाले. "मैं भी इसीच पे सीखा."

भाईजान काहीतरी बोलणार होते, पण चाचा थांबलेच नाहीत. लडकी इधरच रहेगी, उर्दूपण सीखेगी, सिखानेवाली पडोस में है, असं म्हणून त्यांनी माझा कान धरून मला पुढं ओढलं. काय करावं ते न सुचून मी भाईजानांना वाकून आदाब केला आणि अण्णांनी शिकवलेल्या उर्दूत ईद मुबारक म्हटलं, तिकडच्या सगळ्या उच्चारांसकट. भाईजान बघतच राहिले. "शिंपी की लडकी उर्दू लिखती और मनियार की लडकी मरठी!" ते म्हणाले, आणि त्यांच्या दाढीत हसू फुटलं. मग आतून चाची आल्या. त्यांनी माझ्यापुढं शीरखुर्म्याचा वाडगा आदळला. "खा. और बोल, इसमें क्या कम है." मी खाल्ला. त्यात साखर इतकी होती की दात शिवशिवले, पण मी म्हटलं, "कुछ कम नहीं चाची."

मुमताज राहिली. पण चाचांनी कोनाड्यात एक मोठी परात लावून टाकली आणि दम दिला, "आजपास्नं जिची पाटी तिनं लिवायची. न्हाईतर दोघींचं कान कापून बांगड्यांच्या पेटीत ठिवीन." म्हणजे मुमताजचं भागलं आणि मी बुडाले. दसरा आठ दिवसांवर आणि मला अजून "ग" आणि "म" यांत गोंधळ. मुमताजनं शिकवायचं मनावर घेतलं. आम्ही शेळीमागं फिरायचो आणि ती काटकीनं धुळीत अक्षर काढायची, मी गिरवायची, शेळी तुडवायची. "अगं गधडे, डावीकडनं, डावीकडनं!" असं ती माझ्या हातावर चापट मारून ओरडायची. मी रात्री झोपेतही डावीकडनं, डावीकडनं म्हणत होते, असं आत्या सांगायची.

दसऱ्याला सकाळी शाळेत पाटीपूजन. इकडं तशी रीत होती, मला नवीन. प्रत्येकानं पाटी घासून धुवायची, तिच्यावर एकाचे आकडे जोडून जोडून सरस्वती काढायची, झेंडू वाहायचा. मी तरटावर बसले होते, तेवढ्यात दारात शेरवानी आणि रुमी टोपी दिसली. निजामाच्या शाळेतला मास्तरांचा पोशाख तोच. पोरं ओरडली, "मुमताज, तुझा चुलता परत आला!" आणि मुमताज घाबरून चिमीच्या मागं लपली. ते अण्णा होते. मागं आत्या आणि टाचण्यांसकट आतोबा. अण्णा उंबऱ्याशी बसले. त्यांच्या खांद्यावर रिकामी पिशवी होती. माझे कपडे न्यायला आणलेली असणार, असं मला वाटलं.

"या या मास्तर," गुरुजी म्हणाले. "पोरीनं लई प्रगती केली. गोदे, ये पुढं. वडलांसमोर लिहून दाखव."

मी पुढं गेले. पाटी स्वच्छ, काळीभोर. मी मनात म्हणतेय डावीकडनं, डावीकडनं, आणि उंबऱ्यावरून अण्णांची नजर पाठीत टोचतेय. अण्णांसमोर मी आयुष्यात जेव्हा जेव्हा लिहिलं होतं, तेव्हा एकाच जागेवरून सुरुवात केली होती. माझा हात सरळ उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथं तीन आकडे काढून मोकळा झाला. ७८६.

ते आकडे गावात कुणाला ओळखू येत नव्हते? चाचांच्या दुकानावर जन्मभर बघितलेले. "गुरुजी, हिनं बांगड्यांचं दुकान काढलं!" एक पोरगा ओरडला आणि तरटावर हसण्याचा लोंढा उठला. गुरुजींचं पागोटं हललं. "गोदे! दसऱ्याची पाटी आन तिच्यावर हे? ही काय मोगलाई..."

"गुरुजी!" मुमताज चिमीच्या मागून उभी राहिली. बांगड्या कोपरापर्यंत वाजल्या. "गुरुजी, त्यो तिकडचा श्री हाय."

गुरुजी थांबले. त्यांनी मुमताजकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, उंबऱ्यावरच्या अण्णांकडं बघितलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. काही सुचेना की गुरुजी तपकीर ओढायचे. त्यांनी ओढली, आणि अशी शिंक दिली की खरोखर छपराची माती पडली. मुमताज आणि मी, आम्हा दोघींनाच माहीत की हे तख्तीवर आधीच लिहून झालंय. आम्ही ओठ चावून उभ्या.

"असू दे," गुरुजी नाक पुसत म्हणाले. "पुसू नगं. आता हिकडचा काढ."

मी मधोमध श्री काढला. जरा वाकडा, पण श्री. मग एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली. तिची मान इतकी लांब झाली की गुरुजी म्हणाले, "ही सरस्वती हाय का मुमताजची शेळी?" मग त्यांनी दोन ओळी सांगितल्या, त्या मी लिहिल्या. घामाघूम होऊन लिहिल्या, पण माझ्या हातानं. गुरुजींनी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि अण्णांना म्हणाले, "खोटं सांगत न्हाई मास्तर. चौथीचं हे अक्षर न्हाई. तिसरीत घालतो."

अण्णा शब्दाचे पक्के. ते उठले, पिशवी झटकली. "मी चौथी म्हटलं होतं," एवढंच म्हणाले. मी मुमताजचा हात धरला. आईचा चेहरा, चूल, तो नाका, मिशाळ शिपाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी अण्णांपुढं कधी रडले नव्हते, तेव्हा मात्र भोकाड पसरलं.

तेव्हा आत्या पुढं आली. तिनं पदर खोचला. "दादा, थांब जरा. तिसरी कुठं बसती, तुला ठावं हाय का?" तिनं खाली बोट दाखवलं. "ह्ये तरट आमच्याच घरात शिवलंय. माझ्यादेखत शिवलंय. तिसरी-चौथीला एकच पट्टी हाय, मधी जोड सुदिक न्हाई. व्हय का न्हाई हो?"

आतोबा म्हणाले, "हूं."

"तिसरी कुठं संपती आन चौथी कुठं लागती, दाखव बरं मला!" आत्या म्हणाली.

गुरुजी कातावले. "अहो बाई, ही काय मोगलाई हाय काय, कुणीबी कुठंबी बसंल?"

आणि अण्णा हसले. शेरवानीची बटणं ताणली जातील असे हसले. "गुरुजी, मोगलाईतूनच तर आलोय आम्ही," ते म्हणाले.

गुरुजींनी मला तिसरीच्या अगदी शेवटी बसवलं. त्याच तरटावर, मला लागून, चौथीच्या अगदी सुरुवातीला मुमताज येऊन बसली. ती आधी तिथं बसत नव्हती, पण त्या दिवशी सरकत सरकत आली आणि कुणी तिला उठवलं नाही. अण्णांनी लांबूनच बघितलं. माझी मांडी तिसरीत होती आणि कोपर चौथीत. त्यांनी शेरवानीच्या खिशातून आपट्याची पानं काढून गुरुजींच्या हातात सोनं दिलं आणि सवयीनं आदाब केला. गुरुजींनी गडबडून नमस्कार केला. मग अण्णा निघून गेले, आणि माझं गाठोडं आत्याच्या फडताळातच राहिलं.

मुमताज आता नगरला लेकाकडं असते. आम्ही फोनवर दोघीही ओरडतो, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं. घरच्यांना वाटतं भांडण चाललंय. हे प्रकरण मी हातानं लिहिलं आणि टाइप करायला नातवाकडं दिलं. त्यानं पहिलं पान उलटसुलट करून बघितलं. वर मधोमध श्री आणि उजव्या कोपऱ्यात ते तीन आकडे.

"आजी, यातलं कुठलं घेऊ?"

"दोन्ही घे."

"अगं, सुरुवातीला दोन-दोन कशाला?"

"तरट एकच होतं रे," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. पण त्यानं दोन्ही घेतलं.